घोडबंदर रोड, कापूरबावडी ते फाउंटन: रोजच्या वापराला कसा आहे?

राज्य मार्ग ४२ कुठे आहे असं ठाण्यात कुणाला विचारलं तर समोरचा गोंधळेल. जीबी रोड, म्हणजे घोडबंदर रोड, म्हटलं की मात्र रिक्षावाला मीटर टाकायच्या आधीच विचारतो, "गायमुखच्या अलीकडे ना? पुढे नाय येणार." रस्त्याचं अर्धं परीक्षण त्या एका प्रश्नात उरकतं. गायमुखच्या अलीकडे घोडबंदर रोड म्हणजे सोसायट्या, दुकानं आणि सिग्नल असलेला शहरी रस्ता. पलीकडे तो जंगलातला घाट. कंटेनर मात्र दोन्हीकडे तेच. म्हणून या दोन तुकड्यांना गुणही वेगवेगळे द्यावे लागतात: पहिल्याला पाचपैकी अडीच, दुसऱ्याला पाऊण. पावसाळ्यात तो पाऊणही जड जातो.

रस्ता माजिवडा-कापूरबावडीला सुरू होतो आणि वर्सोवा पुलाच्या अलीकडे, फाउंटन हॉटेलच्या चौकात, मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग ४८ला मिळतो. सगळा मामला वीस किलोमीटरच्या आतला. एवढ्याशा लांबीत तीन तऱ्हेची वाहतूक कोंबलेली आहे. पहिली सोसायट्यांची: दोन किलोमीटर जायचं, यू-टर्न घ्यायचा, शाळेची बस, भाजी. दुसरी ठाण्याहून बोरिवली, मीरा रोड, वसईला जाणाऱ्या नोकरदारांची. तिसरी न्हावा-शेवाच्या बंदरातून गुजरातकडे निघालेल्या ट्रेलरची. पहिलीला दर पाचशे मीटरवर वळायचं असतं, तिसरीला कुठेच थांबायचं नसतं. एकाच लेनमध्ये दोघींची सोय होत नाही, आणि या रस्त्याची बहुतेक दुखणी तिथूनच सुरू होतात.

कापूरबावडी ते वाघबीळ: पुलांचा हिशेब

या टप्प्यात कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळ असे चार उड्डाणपूल लागतात. पुलांवर सहसा कोंडी होत नाही, ती होते पूल उतरतो तिथे. कारण सोपं आहे. पुलावरून दोन लेन सुसाट खाली येतात, शेजारून पुलाखालची वाहतूक वर चढते, आणि पुढच्या शंभर-दीडशे मीटरमध्ये पुलाखालून आलेल्याला उजवीकडच्या यू-टर्नला जायचं असतं, पुलावरून आलेल्याला डावीकडे सोसायटीत वळायचं असतं. दोन्ही प्रवाह कात्रीसारखे एकमेकांना छेदतात. एक रिक्षा आडवी थांबली तरी शेपूट पुलावर चढते.

नवीन माणसाची ठरलेली चूक म्हणजे दिसला पूल की चढायचं. टिकुजिनीवाडी किंवा मानपाड्यात काम असेल तर मानपाड्याचा पूल सोडून डावीकडेच राहायचं. ब्रह्मांड, आझादनगरसाठी मानपाड्याचा पूल घ्यायचा आणि उतरल्या उतरल्या डावी लेन धरायची. हिरानंदानी इस्टेटला जाणाऱ्याने पातलीपाड्याचा पूल चढू नये. विजय गार्डन, आनंदनगर, कासारवडवलीसाठी मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ हे तिन्ही पूल घ्यायचे. चुकून वर गेलात तर पुढचा यू-टर्न घेऊन मागे यायला सकाळच्या वेळी पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. पुलावर गाडी रिव्हर्स घेणारे महाभाग रोज दिसतात; त्यांच्याबद्दल इथे लिहिण्यासारखं काही नाही.

कापूरबावडीहून मानपाड्यापर्यंतचा पहिला टप्पा टाळायला दोन वाटा आहेत. पोखरण रोड नंबर दोनवरून ग्लॅडी अल्वारिस मार्गाने मानपाड्याला निघता येतं. खाडीच्या बाजूला कापूरबावडी-ढोकाळी-कोलशेत रस्ता आहे, तो ब्रह्मांड आणि वाघबीळ गावाच्या अंगाने वर येतो. दोन्ही वाटा सकाळी आठच्या आधी चांगल्या. नऊनंतर तिथेही तीच गर्दी असते, फक्त ट्रेलर नसतात. दुचाकीवाल्याला एवढा फरक पुरेसा आहे.

रुंद झाला, पण कसा

सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळून मार्ग रुंद करण्याचं काम गेली काही वर्षं चालू आहे. कागदावर लेन वाढतात. प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या थरांनी बांधलेले रस्ते शेजारी येतात आणि मधे एक लांबच लांब सांधा राहतो. सांध्याच्या एका बाजूचा थर दोन-तीन सेंटीमीटर वर, दुसऱ्या बाजूचा खाली. कारला हे कळतही नाही. दुचाकीचं पुढचं चाक मात्र या कडेला समांतर गेलं की कड चाक धरून ठेवते, आणि हँडल वळवायला गेलं की गाडी पडते. लेन बदलताना ही कड तिरकी, जरा मोठ्या कोनातून ओलांडायची, घासत घासत नाही. पावसात हे जास्तच पाळायचं, कारण पाणी नेमकं या सांध्यात साचतं आणि कड दिसेनाशी होते.

दुसरं म्हणजे झाकणं. पूर्वी सर्व्हिस रोडच्या कडेला असलेली गटारांची आणि केबलची चेंबरं आता धावत्या लेनमध्ये आली आहेत. झाकण रस्त्याच्या पातळीला असेल तर ठीक. डांबराचा नवा थर पडला आणि चेंबर उचललं नाही, की तिथे चौकोनी खड्डा तयार होतो, चार बाजूंना धार असलेला. गोल खड्ड्यापेक्षा हा वाईट. टायरची बाजू फाटते ती अशाच धारेवर, आणि बाजू फाटलेला टायर पंक्चरवाला दुरुस्त करत नाही, बदलावाच लागतो. रोज या रस्त्याने जाणाऱ्याने हवेचा दाब दर पंधरवड्याला बघावा आणि स्टेपनीतली हवा विसरू नये. दाब कमी असला की खड्ड्यात टायर रिमवर चेपतो.

मेट्रोच्या कामाने या टप्प्याचा चेहरा बदलला. वडाळा ते कासारवडवली ही मेट्रो ४, लांबी ३२.३२ किलोमीटर; तिचा पुढचा तुकडा कासारवडवली ते गायमुख, २.७ किलोमीटरची ४अ. जीबी रोडवर कापूरबावडी, मानपाडा, टिकुजिनीवाडी, डोंगरीपाडा, विजय गार्डन, कासारवडवली आणि पुढे गोवनीवाडा, गायमुख अशी स्थानकं. गायमुख ते विजय गार्डन टप्प्यावर चाचणीची गाडी सप्टेंबर २०२५मध्ये धावली. रस्ता वापरणाऱ्याच्या दृष्टीने मुद्दा स्थानकांच्या जिन्यांचा आहे. जिना उतरतो तिथे रिक्षा थांबणार, रिक्षा थांबल्या की डावी लेन गेली. या जागा आताच लक्षात ठेवाव्यात आणि तिथून जाताना मधल्या लेनमध्ये राहावं.

खड्डे तिथेच का पडतात

दर जूनमध्ये खड्डे ठरल्या जागी उगवतात: सिग्नलच्या अलीकडे, पूल उतरतो तिथे, वळणावर आणि घाटाच्या चढाला. सगळीकडे एकच गोष्ट घडते. जड गाडी ब्रेक मारते किंवा जोर लावते, आणि चाक डांबराचा थर पुढे-मागे ढकलतं. उन्हाळ्यात थर मऊ असतो, तेव्हा लाटा उठतात. पावसात पाणी आत शिरलं की डांबर खडीला सोडतं, आणि मग वरून गेलेलं प्रत्येक चाक पंपासारखं ते पाणी आत दाबतं आणि बाहेर खेचतं. खडी मोकळी झाली की दोन दिवसांत खड्डा.

वजनाचा हिशेबही समजून घ्यावा. चार टायरच्या एका अ‍ॅक्सलवर साडेअकरा टनांची मर्यादा आहे. रस्त्याची झीज वजनाच्या प्रमाणात वाढत नाही, ढोबळमानाने चौथ्या घाताने वाढते. म्हणजे अ‍ॅक्सलवर वीस टक्के जास्त माल घातला तर झीज १.२ गुणिले १.२ गुणिले १.२ गुणिले १.२, म्हणजे दुपटीहून थोडी जास्त. आपली छोटी कार या हिशेबात जवळजवळ शून्य धरली तरी चालेल. म्हणून "गाड्या वाढल्या म्हणून रस्ता खराब झाला" हे अर्धंच खरं.

बुजवण्याच्या तऱ्हा तीन. भर पावसात टाकलेला पेव्हर ब्लॉक आठवडाभर टिकतो. त्याला चहूबाजूंनी घट्ट आधार नसतो, एक निसटला की बाकीचे नाचतात. साधं गरम डांबर ओल्या खड्ड्यात टाकलं तर थंड होऊन नीट दबतच नाही. मास्टिक, म्हणजे ओतून बसवायचं घट्ट डांबरी मिश्रण, टिकतं, कारण त्यात पाणी शिरायला जागा नसते आणि ते रोलरशिवाय, ओतून बसवतात. मात्र मास्टिक गुळगुळीत असतं. वर डांबर लावलेली बारीक खडी गरम असतानाच दाबून बसवायची असते. ती बसवली नाही किंवा निघून गेली की ओल्या मास्टिकवर दुचाकी बर्फावर गेल्यासारखी जाते. रस्त्यावर काळा, चकचकीत, कडा सरळ असलेला पट्टा दिसला की तो मास्टिक समजा. त्यावर पुढचा ब्रेक लावू नका, गाडी वळवू नका, सरळ पार करा.

गायमुखच्या पलीकडे

कासारवडवली, ओवळा, भाईंदरपाडा मागे पडलं की उजवीकडे खाडी उघडते. नागला बंदर, गायमुखची चौपाटी, आणि मग घाट. गायमुख ते फाउंटन हे चार-पाच किलोमीटर या मार्गाचं खरं दुखणं आहे. डावीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि उजवीकडे खाडीपर्यंतचा जो जंगलाचा तुकडा, नागला ब्लॉक, तोही उद्यानाचाच भाग. रस्ता जंगलाच्या मधून जातो, म्हणून कुठल्याच बाजूला सहज रुंद करता येत नाही. वनजमिनीची परवानगी लागते. रुंदीकरण वर्षानुवर्षं का रखडतं, याचं हे साधं उत्तर. या पट्ट्याखालून बोगदा काढण्याचा प्रस्तावही त्याच अडचणीतून आला.

घाट उंच नाही. कसारा-खंडाळ्याशी तुलना करणाराला हसू येईल. पण दोन्ही बाजूंनी आधी चढ आणि मग उतार, शिवाय बंद पडलेली गाडी बाजूला घ्यायला जागा जवळजवळ नाही. चाळीस फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर पुढच्या इंजिन-केबिनसकट सोळा-सतरा मीटर लांब असतो, म्हणजे चार गाड्यांची जागा. भरलेला ट्रेलर चढाला ताशी आठ-दहा किलोमीटरने जातो. एक किलोमीटरचा चढ त्या वेगाने सहा-सात मिनिटांचा. दुसरा ट्रेलर त्याला ओव्हरटेक करायला बाहेर आला की दोन्ही लेन गेल्या.

मग त्यातला एक थांबतो. क्लच प्लेट जळते, किंवा ब्रेकची हवा गळते आणि चाकं जाम होतात. क्लीनर उडी मारून खाली येतो, कडेचा दगड उचलतो, मागच्या चाकाखाली सरकवतो, झाडाची डहाळी तोडून वीस पावलं मागे डांबरावर ठेवतो. डहाळी ही इथली धोक्याची खूण. दिसली की पुढच्या वळणाआड काहीतरी उभं आहे असं धरून चालायचं. गाडी दुरुस्त होते आणि निघून जाते. दगड तिथेच राहतो. रात्री दुचाकीवाल्याला घाटात खड्ड्यांपेक्षा जास्त भीती या बेवारस दगडांची असते, आणि ते नेहमी डाव्या लेनच्या मधोमध सापडतात, जिथे ट्रेलरचं चाक होतं.

चढाला मुंगीच्या पावलांनी सरकताना मॅन्युअल गाडी हाफ क्लचवर धरून ठेवू नका. पुढे दोन गाड्यांची जागा झाल्यावरच निघा, मधल्या वेळात हँडब्रेक. एएमटी गाडीवाल्यांनी तर हे जास्तच पाळायचं. बाहेरून ती ऑटोमॅटिक असली तरी आत साधाच क्लच आहे, आणि ॲक्सिलरेटर हलका दाबून चढावर उभं राहिलं की तोच तापतो. दहा-पंधरा मिनिटांत डॅशबोर्डवर इशारा येतो, मग गाडी निघायला नकार देते, आणि घाटातली पुढची कोंडी तुमच्या नावाने होते. उताराला दुसऱ्या गिअरमध्ये या. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवण्याची सवय इथे महाग पडते, कारण उतार संपतो तिथे काजूपाडा आणि चेणेच्या बाजूला सहसा रांग उभीच असते.

पावसाळ्यात डोंगराचं पाणी रस्ता ओलांडून खाडीकडे जातं. मोऱ्या तुंबल्या की ते मोरीतून न जाता डांबरावरून जातं आणि माती-खडी घेऊन येतं. जोरदार सर थांबल्यानंतरचा पहिला अर्धा तास घाटात शिरू नये.

रात्री डिपर, म्हणजे लो बीम, वापरा, हाय बीम नको. या पट्ट्यात जनावरं रस्ता ओलांडतात आणि बिबटे गाड्यांखाली आल्याच्या घटना झालेल्या आहेत. प्रखर उजेडात जनावर पळत नाही, जागीच थबकतं.

वेळा

अवजड वाहनांना ठाण्यात ठरावीक तासांतच सोडतात. दुपारी बारा ते चार आणि रात्री उशिरा ही बरीच वर्षं चालत आलेली पद्धत, पण अधिसूचना निघते तशा वेळा बदलतात, म्हणून ताजी बातमी बघावी. वेळ कुठलीही असो, बंदी उठल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात वाईट. भिवंडीच्या बाजूला आणि पलीकडे महामार्गावर ताटकळलेले ट्रेलर एकदम सुटतात आणि घाटात दोन्हीकडून एकाच वेळी पोचतात. बारा वाजता बंदी उठत असेल तर साडेअकरापर्यंत घाट पार केलेला असावा, नाहीतर सरळ दीडनंतर निघावं.

पहाटे साडेसहाच्या आत कापूरबावडी सोडली तर फाउंटन अर्ध्या तासात येतं. हाच रस्ता सायंकाळी सात वाजता दीड तास घेतो, आणि ट्रेलर बंद पडला तर काही सांगता येत नाही. घर बघायला येणाऱ्यांसाठी म्हणून हे: जाहिरातीतली "स्टेशनपासून वीस मिनिटं" ही रविवारी पहाटेची वीस मिनिटं असतात. घर बघायचंच असेल तर मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला ठाणे स्टेशन पश्चिमेहून टीएमटीच्या बसने या. बसमध्ये उभं राहून जेवढा वेळ लागला तो खरा.

बोरिवलीला जाणाऱ्यांची मोठी आशा ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्यावर आहे. त्याचं भूमिपूजन १३ जुलै २०२४ला झालं. एकूण लांबी ११.८ किलोमीटर, मानपाड्याजवळून थेट पश्चिम द्रुतगती महामार्गाकडे, उद्यानाच्या पोटातून. अंतर बारा किलोमीटरने कमी होईल असं त्या वेळी सांगितलं गेलं. ते खरं झालं तर बोरिवलीवाले घाटातून कमी होतील. मात्र ते सगळे मानपाड्यात वळायला येतील, आणि मानपाड्याचं वळण आजच भरलेलं आहे.

फाउंटनचा चौक आणि परतीची वाट

घाट उतरून फाउंटनला आलात की डावीकडे दहिसर-मुंबई, उजवीकडे वर्सोवा पूल आणि वसई-गुजरात. लेन चेणे पुलापासूनच धरावी. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये डावीकडून उजवीकडे यायला ट्रेलरच्या नाकासमोरून जावं लागतं आणि त्याच्या केबिनमधून समोरची खालची जागा दिसत नाही. खाडीवरचा नवा पूल २०२३मध्ये सुरू झाल्यापासून उजवीकडची रांग पूर्वीइतकी घाटात चढत नाही, ही या चौकाची एकमेव चांगली बातमी. डावीकडे दहिसरला हलक्या वाहनांचा पथकर ऑक्टोबर २०२४पासून माफ आहे, तरी नाक्यावर रांग असतेच.

जवळच घोडबंदरचा किल्ला आहे. पोर्तुगीजांचा, १७३७मध्ये मराठ्यांनी घेतलेला. रविवारी सकाळी जायला छान जागा, फक्त परत यायची वेळ अकराच्या आतली ठेवा.

घाट बंद असेल तर पर्याय ठरवायची जागा कापूरबावडी आहे, गायमुख नाही. वसई-गुजरातकडे जायचं असेल तर भिवंडीमार्गे अंजूरफाटा-कामण-चिंचोटी. हाही रस्ता खड्ड्यांत कमी नाही आणि घाट बंद झाला की सगळे ट्रेलर तिथेच वळवतात, म्हणून कारने तोही दुपारच्या आधीच घ्यावा. बोरिवली-अंधेरीकडे जायचं असेल तर पूर्व द्रुतगती महामार्गाने कांजूरमार्ग, तिथून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड. लांब पडतं, पण किती वेळ लागेल याचा अंदाज तरी बांधता येतो. कापूरबावडीच्या पुढे गेलात तर वाघबीळचा पूल उतरल्यावर, कासारवडवलीच्या आधी, एकदा नकाशा बघा. गायमुखच्या पुढे गडद लाल रेष असेल तर तिथूनच यू-टर्न घेऊन मागे या. ओवळ्याच्या पुढे मागे फिरणाऱ्यांचीही रांग लागलेली असते. आणि गायमुखला पोचल्यावर कळलं तर चौपाटीवर गाडी लावून चहा घ्या. बंद ट्रेलरला क्रेन पोचायला आणि रांग हलायला पाऊण तास धरा, घाटात इंजिन चालू ठेवून बसण्यापेक्षा ते बरं.